भंडार आणि बावन्न पत्ते

सुमन, तू माझ्याशी खोटं बोललीस की नाही, याचा निकाल अजून लागलेला नाही. तू गेलीस म्हणून मी तो प्रश्न सोडून देईन असं तुला वाटलं असेल, तर चाळीस वर्षं माझी धाकटी जाऊ म्हणून एका घरात राहून तू मला ओळखलंच नाहीस. खाली तू, वर मी, नवरे दोघींचेही गेलेले. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. चांगलं आहे ते सांगीनच. पण आधी संशय.

चाकणच्या कंपनीतून तू रिटायर झालीस तेव्हा पहिले दोन-तीन महिने दुपारी नुसती झोपायचीस. बावीस वर्षं इन्स्पेक्शनला उभी राहिलेली बाई, झोप साठलेली होती. मग झोपायची थांबलीस. खाटेवर भिंतीला टेकून फोन घेऊन बसायचीस आणि मधूनच हसायचीस. जिन्यावर माझं पाऊल वाजलं की फोन गादीवर पालथा. साठी उलटलेल्या बाईचा फोन पालथा पडतो त्याची दोनच कारणं असतात. पहिल्याला लागतो तेवढा उत्साह तुझ्यात उरलेला नव्हता. म्हणजे दुसरंच असणार, आणि दुसरंच निघालं.

"पत्ते खेळतीस व्हय?" मी विचारलं.

"पोकर म्हणत्यात त्याला, आक्का."

"नाव बदललं म्हणून पत्ते बदलत न्हाईत."

आपल्या घरात पत्ते का येत नव्हते हे तुला सांगायची गरज नव्हती. तुझे थोरले दीर, म्हणजे आमचे हे, तीन पत्तीत टेम्पो घालवून काळेवाडीहून चालत घरी आले, तेव्हा दार तूच उघडलंस. करमाळ्याकडची जमीन भावकीत सोडून आपण इथं रहाटणीत आलो होतो ते त्या टेम्पोच्या भरवशावर. ते वर्षभर तुझ्या पगारावर दोन्ही चुली पेटल्या. तू एकदाही तोंडातून काढलं नाहीस, आणि मीही कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिलं.

तर मी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन खाली आले. आपल्यात खंडोबाचा भंडार आणि वर बेलाचं पान हातात घेऊन माणूस बोललं की विषय संपतो. मग कोर्ट नाही, कचेरी नाही, बायकांची कुजबुजही नाही. तू कुरकुर केली नाहीस. हात धुतलास, पदर घेतलास, बेल-भंडार उचललास आणि म्हणालीस, पैशानं एक डाव जरी खेळले तर मल्हारी बघून घेईल. पैशाऐवजी फुकटच्या चकत्या मिळतात फोनवर, त्यावरच खेळते. मी वाटी वर नेली. विषय संपायला हवा होता.

माझा संपला नाही. सरकारनं पैशाचे खेळ बंद केले असं तू सांगितलंस, पण बंद केलेली दारू कुठं मिळत नाही? त्यात तुला हा नाद लावला तो रुबिनानं. तुझ्याच लाइनवर होती, नवऱ्याचं स्पेअर पार्टचं दुकान, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या माणसावर मी पहिल्यापासून विश्वास ठेवत नाही. मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, आक्का, पैसा लावला तर आमच्यात हराम आहे, वर जाऊन काय तोंड दाखवू? एक खंडोबाची शपथ घेते, एक अल्लाचं नाव घेते. एका मोबाइलवर दोन-दोन देव साक्षीला म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला.

म्हणून तुला म्हणाले, मलाही शिकव. तुला वाटलं आक्काला हौस आली. हौस कसली, तुला पकडायचं होतं. खेळ कळल्याशिवाय चोरी कुठं होते ते कळत नाही.

तू मात्र शिकवायला बसलीस ती कंपनीतल्या नव्या पोरीला शिकवावं तशी. दोन पानं आपल्या हातात, ती आपल्यालाच दिसतात. पाच पानं मधे उतरतात, ती सगळ्यांची. सातांतून चांगली पाच जुळवायची. पण खेळ त्या पाचांत नसतो, पहिल्या दोनांत असतो, असं तू म्हणालीस. मग वहीच्या पानावर चौकोन आखलेस आणि हिरवा, पिवळा, लाल स्केचपेन घेऊन बसलीस. कंपनीत मालाचे क्रेट असायचे तसे. दोन एक्के, दोन बादशहा, दोन राण्या, एक्का-बादशहा हे हिरव्यात. मधल्या जोड्या पिवळ्यात, म्हणजे बघून घ्यायच्या. आणि बाकी सगळा कागद लाल. सत्ती-दुर्री, वेगवेगळ्या रंगांची, ही सगळ्यात वाईट, तिच्यावर तू दोनदा लाल फिरवलास.

मी म्हणाले, एवढं सगळं टाकायचं तर खेळायचं काय?

"चांगला माल निवडायचा नसतो आक्का," तू म्हणालीस. "वाईट तेवढा लगेच टाकायचा. चांगला आपोआप उरतो."

मी चौथी शिकलेली. टक्के मला वाण्यापुरते कळतात. पण तू टक्के सांगितलेच नाहीस, वार सांगितल्यासारखं सांगितलंस. दोन एक्के हातात येतात दोनशे एकवीस डावांत एकदा. कुठली का होईना, जोडी येते सतरा डावांत एकदा. हातात जोडी असेल तर मधल्या पहिल्या तीन पानांत तिसरं भावंड उतरतं आठातून एकदा, सातदा नाही. एका रंगाची दोन पानं बघून मी भाळायचे, तर तू सांगायचीस की पहिल्या तीन पानांत तो रंग पुरा व्हायचा शंभरात एकदाही नाही. आणि बदामाची राणी आली की मला टाकवतच नसे. तू म्हणायचीस, राणी हाय म्हणून ठिवू नका, संगं कोण हाय ते बघा, राणी आन तिर्री म्हंजे पाटलीण आन तिच्या पदरात उंदीर. मी तरी ठेवायचे आणि हरायचे.

एक गोष्ट मात्र तू शिकवलीस ती मला लागली. टेबलावर जो शेवटी बोलतो तो फायद्यात असतो, कारण बाकीच्यांनी काय केलं ते त्याला दिसलेलं असतं. पहिल्यानं बोलणाऱ्यानं पानं चांगली असल्याशिवाय तोंड उघडू नये. हे सांगून तू हसायला लागलीस. मी विचारलं काय झालं. तू म्हणालीस, सासूबाईंपुढं सगळ्यात तुमालाच आधी बोलावं लागायचं आक्का, थोरल्या म्हणून. मी मागनं बघून बोलायची. म्हणून मी गुणाची ठरले. चाळीस वर्षं मला वाटत होतं की सासूला तू जास्त आवडायचीस. त्या दुपारी कळलं की तुझी नुसती जागा चांगली होती. मला राग आला, आणि राग जाता जाता बरंही वाटलं.

मग आपलं टेबल बसलं. दुपारी तीनला तू, मी आणि काळेवाडीतून रुबिना, आपल्या-आपल्या फोनवर, तिघींपुरतंच. तू आणि मी खाटेवर पाठीला पाठ लावून बसायचो, पानं दिसू नयेत म्हणून. तू थाप मारलीस की तुझा डावा पाय हलायचा. पाठीला पाठ असली तरी खाट हलते. तुला हे मी कधी सांगितलं नाही, कारण माझ्याकडं तेवढं एकच हत्यार होतं. तरी दहातले सात दिवस तूच जिंकायचीस. पैसा कुठं दिसला नाही. मी तुझा फोन तू न्हाणीत असताना दोनदा बघितला, हेही आज सांगून टाकते. काही सापडलं नाही. न सापडल्यानं माझं समाधान झालं असं नाही. बावीस वर्षं दुसऱ्याच्या चुका शोधणारी बाई स्वतःची चूक समोर कशाला ठेवेल?

एवढं मात्र खरं की नवरा गेल्यावर मला दुपार कशी ढकलायची ते कळत नसे, आणि त्या वर्षात मला दुपार पुरली नाही.

मग तुझे हात मोकळे दिसले. तुझ्या पाटल्या, आईच्या घरून आलेल्या, तू कंपनीतही कापडात बांधून हातात ठेवायचीस. मी विचारलं. तू म्हणालीस, उजळायला टाकल्यात चिंचवडच्या सोनाराकडं. आणि सुमन, खाट हलली.

मी तीन आठवडे काही बोलले नाही. मग रिक्षा करून स्वतः चिंचवडला गेले. सोनार आपला जुना. त्यानं सांगितलं, सुमनताई दिवाळीनंतर दुकानात आलेल्याच नाहीत. परत येताना रिक्षात माझ्या डोळ्यापुढं तू नव्हतीस, तुझे थोरले दीर होते, काळेवाडीहून चालत येणारे.

तो रविवार होता. मी सरळ देव्हाऱ्यातली वाटी घेऊन खाली आले. दार उघडं होतं, समोरच्या दोघी-तिघी बाहेर भाजी निवडत होत्या, त्यांनी ऐकलं तर ऐकू दे म्हटलं. मी म्हणाले, पाटल्या सोनाराकडं न्हाईत. पत्त्यात घातल्यास. नसशील घातल्या तर उचल भंडार.

तू म्हणालीस, "एकदा उचललाय, आक्का."

"परत उचल."

"देवाला दोनदा इचारत न्हाईत."

"खरी असशील तर भितीस कशाला?"

तू वाटीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, आणि आत जाऊन मोरीत भांडी घासायला बसलीस. भांडी स्वच्छ होती. मी बाहेरच्या बायकांना म्हणाले, बघितलं ना? आणि वाटी घेऊन वर आले. मला वाटलं मी जिंकले.

आपल्यात भंडार दुसऱ्यांदा उचलायला लावत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्यांदा मागणं म्हणजे पहिल्या वेळी माणूस खोटं होतं आणि देव झोपला होता असं म्हणणं. दुश्मनाला कुणी असं म्हणत नाही. मी ते चारचौघींत, दार उघडं ठेवून, ज्या बाईनं वर्षभर माझी चूल पेटवली तिला म्हटलं. तू नाही म्हणालीस हीच तुझी खरेपणाची खूण होती, आणि मी तीच गुन्ह्याची कबुली धरली.

अकरा दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. जेवण एकत्र होतं ते वेगळं झालं. पण तीन वाजले की फोन वाजायचा, टेबल लागायचं, आणि तू यायचीस. खाटेवर नाही, खाली तू तुझ्या घरात, वर मी माझ्या. रुबिना मधे काही तरी लिहून पाठवायची, आपण दोघी उत्तर देत नव्हतो. पहिले दोन दिवस मी हरले. तिसऱ्या दिवसापासून मी जी जिंकायला लागले ती रोज. मी चकत्या वाढवल्या की तू पानं टाकून मोकळी. मी मनात म्हणाले, मन खातंय हिचं. चोराच्या मनात चांदणं. खेळावर लक्ष कुठून लागणार?

बाराव्या दिवशी सकाळी पाणी आलं. एक दिवसाआड येतं, सगळी गल्ली नळावर असते. तुझा नळ सुरू होता आणि ड्रम भरून पाणी गटारात चाललं होतं. मी वरून वाट बघितली. मग कठड्यावरून ओरडले, सुमे, पाणी वाया चाललंय. अकरा दिवसांत मी तुझ्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. दुसऱ्यांदा ओरडले. मग खाली आले.

पुढचं तुला सांगायला नको.

दहाव्याला कावळा शिवेना. पाऊण तास आम्ही पवनेच्या घाटावर उन्हात उभे, आणि लोक कावळ्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त बघत होते. कुणी तरी म्हणालं, आक्का, तुम्ही काही तरी बोला, त्यांचा जीव अडकलाय. मला पिंडापुढं हात जोडून बोलता येईना. शेवटी तुझी लेक ज्योती पुढं गेली आणि रडत म्हणाली, आई, पाटल्यांचं मी मोठ्या आईला सांगते, तू जा आता. कावळा आला. मी म्हणते त्याला भूक लागली म्हणून आला. पण ज्योती बोलली ते बोलली.

जावयाची नोकरी गेलेली, रावेतच्या फ्लॅटचे हप्ते थकलेले, म्हणून तू पाटल्या तिला दिलेल्या. मी ज्योतीला विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, मीच आईला शपथ घातली होती. मोठ्या आईला कळलं की अख्ख्या रहाटणीला कळतं.

यावर मला राग यायला हवा होता. पण खोटं काय आहे त्यात? मला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी भाजी निवडणाऱ्या बायकांना कळलं असतं. तरी एक सांगते, सोनाराचं तू खोटंच बोललीस. ते मी मागं घेत नाही. "सांगत न्हाई जा" म्हणाली असतीस तर मी भांडले असते, पण चिंचवडला गेले नसते.

आता फोनचं. ज्योती तुझा फोन घेऊन जाणार होती, त्याच्या आदल्या दिवशी मी तो मागून घेतला. शेवटचं एकदा बघायचं होतं, कुठं पैसे लावलेले सापडतात का. हो, तोवरही संशय होता. पाटल्यांचं कोडं सुटलं म्हणून बाकीचं सुटत नाही. पत्त्यांच्या त्या खेळात जुने डाव साठवलेले असतात, तूच मला दाखवलं होतंस. आपली पानं काय होती आणि आपण काय केलं, सगळं दिसतं. मी चष्मा लावून शेवटच्या दिवसांपासून मागं जायला लागले.

पैसा कुठंच नव्हता. पण मला दुसरंच दिसलं. मी चकत्या वाढवल्या, रुबिनानं पानं टाकली, आणि तू दोन बादशहा टाकलेस. पुढं एकदा एक्का-बादशहा, एकाच रंगाचे, टाकलेस. एकदा दोन राण्या. आणि नवव्या दिवशी, सुमन, तुझ्याकडं दोन एक्के आले होते. दोनशे एकवीस डावांत एकदा येणारे. मी नेहमीसारखी राणी घेऊन उड्या मारत होते, आणि तू एक्के टाकून दिलेस. बावीस वर्षांत एक चांगला नग लाल क्रेटमधे गेला म्हणून सुपरवायझरशी भांडलेली बाई तू. चुकून टाकले म्हणालीस तर मी ऐकणार नाही.

मी रुबिनाला फोन केला आणि विचारलं, ही मला जिंकू देत होती? कशाला? कीव करत होती माझी?

रुबिना म्हणाली, "आक्का, तिनं सांगू नको म्हटलं होतं."

"ती गेली. आता सांग."

तू तिला म्हणाली होतीस की आक्का हरली की चूल पेटवत नाही, चहा-बिस्किटावर झोपते. जिंकली की भाकरी थापते, थापटल्याचा आवाज खालपर्यंत येतो. तो आवाज आला की मला घास जातो.

रुबिना वाढवून बोलते, हे मला माहीत आहे. म्हणून मी तपासलं. पहिले दोन दिवस मी हरले होते. ते दोन्ही दिवस मी संध्याकाळी गॅस पेटवला नव्हता, बिस्किटाचा पुडा संपवला होता. तिसऱ्या दिवशी जिंकले आणि पीठ मळलं, त्या दिवशी पीठ संपत आलं म्हणून गिरणीत गेल्याचं आठवतं. जुळलं. सगळं जुळलं. तू खाली बसून रोज माझ्यासाठी पानं टाकत होतीस आणि वरून भाकरीचा आवाज येतो का ते ऐकत होतीस, आणि मी वर भाकरी थापत म्हणत होते की चोराचं मन खातंय.

तू अबोला धरलास तो बरोबर होता. मीही धरला असता. पण मी तुझ्यासाठी एक्के टाकले नसते सुमन, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

भंडार दुसऱ्यांदा मागायला नको होता. चुकलं माझं. हे मी त्या घाटावर बोलायला हवं होतं, त्याआधी नळावर, त्याआधी त्याच रविवारी जिना उतरून. बोलले नाही, कारण तू आधी बोलशील म्हणून मी वाट बघत बसले होते.